बारा किलोचं विमान पन्नास टनांचं कसं दिसतं?

२१ ऑक्टोबर १९२९ रोजी जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मध्ये पसरलेल्या बोडनझे तलावावरून एक विमान उडालं. आत १६९ माणसं होती. १५० प्रवासी, १० कर्मचारी आणि कुणाला न सांगता आत शिरून बसलेले ९ जण. डॉर्निअर डो एक्स हे त्या विमानाचं नाव. त्याचं पोट होडीसारखं होतं, त्यामुळे ते पाण्यावरून उडायचं आणि पाण्यावरच उतरायचं. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४८ मीटर, नाकापासून शेपटीपर्यंत ४० मीटर. पंखाच्या पाठीवर सहा बुटके खांब आणि प्रत्येक खांबावर पाठीला पाठ लावून दोन इंजिनं, अशी एकूण १२. सगळं भरल्यावर वजन पन्नास टनांच्या वर.

त्याचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते सिनेमासाठी बनवलेलं मॉडेल वाटलं होतं. ते खरं निघालं, आणि तेव्हापासून उलटा प्रश्न डोक्यात घर करून बसला. जे विमान कधीच नव्हतं ते, म्हणजे एखादं रेट्रो-फ्युचरिस्टिक विमान, सिनेमाचं मॉडेल म्हणून टेबलावर स्क्रॅचबिल्ड करायचं, म्हणजे शून्यापासून बनवायचं, आणि पडद्यावर ते असं दिसायला हवं की बघणाऱ्यानं घरी गेल्यावर शोधावं, हे खरंच होतं का? हे कसं जमवतात?

उत्तराचं एक टोक आधीच सांगून ठेवतो. लोकांना वाटतं की सगळी करामत बारीक कामात आहे. बारीक काम लागतंच, पण प्रेक्षकाचा विश्वास बसतो तो वजनावर. हातात उचलता येईल अशी वस्तू पन्नास टनांची वाटली पाहिजे. आराखडा, माप, सांगाडा, रंग, कॅमेरा हे सगळे त्या एकाच कामाला जुंपलेले असतात.

जुन्या माणसांचं नवं विमान

रेट्रो-फ्युचरिस्टिक म्हणजे काय ते आधी पाहू. पूर्वीच्या एखाद्या पिढीनं आपला उद्याचा काळ जसा रंगवला होता, तो उद्या. १९३६ साली एच. जी. वेल्स यांच्या पटकथेवर 'थिंग्ज टू कम' नावाचा ब्रिटिश चित्रपट आला. त्यात युद्धानं मोडलेल्या जगावर अवाढव्य विमानांचा ताफा येतो. ती विमानं मॉडेलं होती आणि त्या विशेष दृश्यांची जबाबदारी नेड मान यांच्याकडे होती. तेव्हाच्या प्रेक्षकासाठी ते भविष्य होतं. आज आपण तीच विमानं पाहतो तेव्हा एका जुन्या पिढीचं स्वप्न पाहतो. आज कुणी मुद्दाम त्या स्वप्नातलं विमान बनवायचं ठरवलं, तर त्याला त्या पिढीच्या डोक्यात शिरून विचार करावा लागतो.

आणि ती पिढी मनापासून विचार करत होती. अमेरिकी डिझायनर नॉर्मन बेल गेडीस यांनी १९२९ मध्ये एका प्रवासी विमानाचा आराखडा केला होता: ४५१ प्रवासी, पंखांचा विस्तार सुमारे १६१ मीटर. ते कधी बनलं नाही. पण त्याच वर्षी जर्मनीत उडालेल्या युंकर्स जी-३८ मध्ये पंख इतका जाड होता की काही प्रवासी चक्क पंखाच्या बुडाशी बसत आणि पंखाच्या पुढच्या कडेतल्या खिडक्यांतून समोरचं आकाश बघत. म्हणजे कल्पना आणि कारखाना यांच्यातलं अंतर तेव्हा फार नव्हतं.

नवशिका डिझायनर इथे पहिली चूक करतो. तो पाच-सहा जुनी विमानं घेतो, एकाचं नाक, दुसऱ्याची शेपटी आणि वर भरपूर इंजिनं अशी जोडाजोड करतो. चित्र देखणं होतं, पण त्याला कारण नसतं. खऱ्या विमानाच्या प्रत्येक विचित्रपणामागे एक अडचण असते.

डो एक्सला १२ इंजिनं का? कारण तेव्हाचं एक इंजिन पाच-सहाशे अश्वशक्तीचं. पन्नास टन उचलायचे तर संख्या वाढवण्यावाचून उपाय नव्हता. पोट होडीचं का? कारण एवढं वजन झेलणाऱ्या लांब, पक्क्या धावपट्ट्या फारशा कुठे नव्हत्या आणि पाणी सगळीकडे होतं. खिडक्या मोठ्या आणि चौकोनी का? कारण केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय प्रवासी विमानांत अजून आलीच नव्हती. बोइंग ३०७ हे तशी सोय असलेलं पहिलं प्रवासी विमान सेवेत आलं १९४० मध्ये. दाब नाही म्हणजे विमान खालूनच उडणार, आणि मग खिडकी हवी तेवढी मोठी करता येते. तुमच्या सिनेमातलं विमान १९३२ सालच्या डोक्यातून निघालेलं असेल आणि तुम्ही त्याला आजच्यासारख्या छोट्या लंबगोल खिडक्या दिल्यात, तर प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकेल.

अडचणींच्या खुणाही आराखड्यात हव्यात. डो एक्सच्या मागच्या बाजूच्या इंजिनांना पुरेशी थंड हवा मिळेना, ती तापू लागली. १९३० मध्ये ती सगळी हवेनं थंड होणारी इंजिनं काढून पाण्यानं थंड होणारी बसवावी लागली. वैमानिकाच्या हाताशी इंजिनांचे दांडे नव्हतेच. जहाजावर कप्तान जसा इंजिन-खोलीला हुकूम पाठवतो, तसा तो मागे बसलेल्या अभियंत्याला इशारा द्यायचा. आणि पंख एवढा जाड होता की उडत्या विमानात माणूस आतून सरपटत इंजिनापर्यंत जाऊ शकत असे. या तीन गोष्टींतून डिझायनरला किती काय मिळतं बघा. रेडिएटरच्या जाळ्या, पंखाच्या पाठीवर उघडणारी झाकणं, खांबाला लागलेली छोटी शिडी, पुढे जवळजवळ रिकामा वैमानिक-कक्ष आणि मागे घड्याळांनी भरलेली खोली. कुठलीही गोष्ट शोभेची नाही.

म्हणून एक शिस्त पाळावी असं माझं ठाम मत आहे. कल्पनेतली बदललेली गोष्ट एकच ठेवायची आणि तिचे सगळे परिणाम मुकाट्यानं स्वीकारायचे. समजा, तुमच्या गोष्टीत जेट इंजिनाचा शोधच लागला नाही. पहिलं जेट विमान जर्मनीत ऑगस्ट १९३९ मध्ये उडालं होतं, ते तुमच्या जगात उडालं नाही. मग १९५० सालीही पंखेच राहणार, ते एकामागे एक लागणार, त्यांची पाती पाण्याच्या तुषारांपासून वाचवायला इंजिनं उंच चढणार, इंजिनं उंच गेली की शेपटीही उंच न्यावी लागणार. विमानाचा आकार असा आपोआप घडत जातो.

कागदावर आधी तीन बाजू काढायच्या: समोरून, बाजूनं, वरून. मग त्या आकृतीत काळा रंग भरून ती अंगठ्याएवढी करून बघायची. एवढ्याशा काळ्या सावलीवरून विमान ओळखू आलं तरच पुढे जायचं. त्यानंतर फोम कोरून वीतभर लांबीचं कच्चं मॉडेल, आणि ते डोळ्यासमोर धरून दिग्दर्शकाशी बोलणं: कॅमेरा कुठून बघणार? वरून, खालून, अगदी जवळून? जी बाजू कधीच दिसणार नाही तिच्यावर महिनाभर घालवायला कुठल्याच निर्मात्याकडे पैसे नसतात.

माप ठरवताना वर्गमूळ का लागतं

आता माप. आपलं काल्पनिक विमानही डो एक्सएवढंच, ४८ मीटर आणि पन्नास टनांचं धरू. १:१६ मापात ते पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत ३ मीटर आणि लांबीला अडीच मीटर होतं. वजन मात्र सोळाव्या हिश्शानं कमी होत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सोळापट घटतात, म्हणून वजन १६ गुणिले १६ गुणिले १६, म्हणजे ४,०९६ पटींनी घटतं. पन्नास टनांचे उरतात सुमारे १२ किलो. शीर्षकातले बारा किलो ते हेच.

छोटी वस्तू छोटी आहे हे आपल्याला कळतं कशावरून? बहुतेक वेळा तिच्या हालचालीवरून. १६ मीटर उंचीवरून दगड पडायला साधारण १.८ सेकंद लागतात. एक मीटरवरून पडायला ०.४५ सेकंद. उंची सोळापट कमी झाली, पण वेळ फक्त चारपट कमी झाला, कारण पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळावर ठरतो. गुरुत्वाकर्षण तुमच्या मापाप्रमाणे लहान होत नाही. म्हणून १:१६ मापाचं विमान डुललं, आपटलं, त्याचा तुकडा पडला, तर ते सगळं चारपट लवकर उरकतं, आणि आपला मेंदू जन्मापासून वस्तू पडताना बघत आलेला असल्यामुळे क्षणात निकाल देतो: खेळणं.

उपाय त्याच आकड्यात आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं दाखवतात. मापाचं वर्गमूळ काढायचं, त्यानं २४ ला गुणायचं आणि तेवढ्या वेगानं चित्रीकरण करायचं. १६ चं वर्गमूळ ४, म्हणून सेकंदाला ९६ फ्रेम. दाखवताना २४ नंच दाखवायचं. ०.४५ सेकंदांची पडझड पडद्यावर १.८ सेकंदांची होते आणि वजन परत येतं. १:४ च्या मॉडेलला ४८ फ्रेम पुरतात, १:२५ ला १२० लागतात.

विमानाचा वेगही यातच बसवावा लागतो. खरं विमान ताशी १८० किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला ५० मीटर जात असेल, तर आपलं मॉडेल सेकंदाला साडेबारा मीटर पळालं पाहिजे. २५ मीटर लांबीची तार ताणली तर ते दोन सेकंदांत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचतं आणि पडद्यावर आठ सेकंदांचं दृश्य मिळतं. आठ सेकंदांसाठी २५ मीटरची मोकळी जागा, शिवाय पळायला आणि थांबायला वेगळी. स्टुडिओचं भाडं इथूनच वाढायला लागतं.

पंख्यांनाही तोच हिशेब. खरा पंखा मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर मॉडेलचा ६,००० नं फिरला पाहिजे, नाहीतर प्रत्येक फ्रेममध्ये पाती सुटी-सुटी दिसतात. बारा छोट्या मोटारी एकाच वेगानं फिरवणं हे एक वेगळंच खटलं आहे.

पाण्याला मात्र यातलं काही ऐकवता येत नाही. थेंबाचा आकार पाण्याच्या पृष्ठताणावर ठरतो, तो तुमच्यासाठी सोळाव्या हिश्शाचा होत नाही. म्हणून छोट्या मॉडेलनं उडवलेल्या तुषारांत लिंबाएवढे थेंब दिसतात. उडत्या नौकेची जलावतरणाची दृश्यं करायची तर वेगळं, बरंच मोठं मॉडेल बांधतात, किंवा दृश्यच टाळतात.

कणा, फासळ्या, कातडी

स्क्रॅचबिल्ड म्हणजे तयार सुट्या भागांचं किट न आणता कोऱ्या पत्र्यापासून, लाकडापासून, प्लास्टिकपासून बांधणं. बांधायची पद्धत खऱ्या विमानाचीच असते आणि मला या कामातला सगळ्यात आनंदाचा भाग हाच वाटतो.

आधी कणा. पोटातून जाणारी पोलादी किंवा ॲल्युमिनियमची चौकोनी नळी आणि तिला काटकोनात पंखांतून जाणारी दुसरी. या नळ्यांना पाच-सहा ठिकाणी बाहेर तोंडं काढून ठेवतात: नाक, शेपटी, पोट, पाठ, पंखांची टोकं. ज्या बाजूनं कॅमेरा बघणार त्याच्या विरुद्ध बाजूच्या तोंडात दांडा खुपसून विमान धरायचं. उरलेली तोंडं छोट्या झाकणांनी बंद, आणि झाकणाची कड पत्र्याच्या सांध्यावर अशी बसवायची की ती दिसूच नये. हे आधी ठरवलं नाही तर पूर्ण झालेल्या, रंगवलेल्या विमानाला शेवटच्या आठवड्यात भोकं पाडायची वेळ येते. माझ्यावर ती आलेली आहे.

कण्यावर फासळ्या. प्लायवूडचे किंवा ॲक्रिलिकचे आडवे छेद, साधारण दर दहा-पंधरा सेंटीमीटरला एक. आराखड्याची प्रत चिकटवून ते कापायचे, सगळ्यांच्या मध्यरेषा आखायच्या आणि सपाट पाटावर गुण्या लावून उभे करायचे. डावा-उजवा सारखेपणा तपासायला एक दोरा पुरतो. नाकाच्या टोकाला दोरा बांधायचा, एका पंखाच्या टोकापर्यंत ताणून खूण करायची, आणि तोच दोरा दुसऱ्या टोकाला न्यायचा. तीन मीटरच्या विमानात तीन-चार मिलिमीटरचा फरक असला तरी समोरून बघताना विमान आजारी असल्यासारखं दिसतं. शेपटी सरळ उभी आहे का यासाठी गवंड्याचा ओळंबा.

फासळ्यांवर कातडी. परदेशी कारागीर स्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे ताव वापरतात, अर्धा ते दोन मिलिमीटर जाडीचे. ते द्रावकानं चिकटवतात तेव्हा दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात, म्हणजे तो खरं तर वेल्डिंगसारखा सांधा असतो. आपल्याकडे साइनबोर्डवाल्यांकडे मिळणारा सनबोर्ड, म्हणजे हलक्या फोमचा ताव, मोठ्या सपाट भागांना चांगला चालतो, पण दुहेरी वळण असलेल्या ठिकाणी, म्हणजे नाक आणि इंजिनांची टोपणं, तो रुसतो. तिथे लाकडाचा साचा कोरून त्यावर गरम केलेला प्लास्टिकचा ताव हवा शोषून बसवतात. थर्माकोलचा ठोकळा कोरून त्यावर फायबरग्लास चढवायचं असेल तर इपॉक्सी रेझिनच वापरा. पॉलिस्टर रेझिन थर्माकोल डोळ्यांदेखत खाऊन टाकतं.

मग लांबी (पुटी) भरणं, घासणं, प्रायमर, पुन्हा लांबी, पुन्हा पॉलिश पेपर. गाड्यांच्या गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगवाला करतो तेच काम, तितकंच कंटाळवाणं आणि तितकंच महत्त्वाचं. १९३० च्या दशकातल्या भविष्याचं पहिलं लक्षण म्हणजे पाण्याच्या थेंबासारखा नितळ, वाहता आकार. पृष्ठभागावर एक खळगा राहिला तर त्यावरून सरकणारा उजेडाचा पट्टा अडखळतो आणि सगळी नजर तिथे जाते.

बारा इंजिनं बारा वेळा बनवायची नाहीत. एकच बनवायचं, त्यावर हवा तेवढा जीव ओतायचा, त्याचा सिलिकॉन रबराचा साचा घ्यायचा आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिनच्या बारा प्रती ओतायच्या. बाराही सारखी हे इथे गुणच आहे, कारण खरी इंजिनंही कारखान्यातूनच येतात. फरक नंतर रंगानं करायचा: एकाला तेल जास्त गळतंय, एकाचं टोपण नुकतंच बदललंय.

किटचे सुटे भाग चिकटवण्याबद्दल थोडं बोलायला हवं. १९६५ च्या 'थंडरबर्ड्स' या ब्रिटिश मालिकेत डेरेक मेडिंग्ज यांच्या टीमनं बाजारातल्या मॉडेल-किटमधले तुकडे वापरून यंत्रांना तपशील दिले, आणि पुढे अंतराळयानांच्या सिनेमांनी ती पद्धत सगळीकडे नेली. अंतराळयानाला ती शोभते. तिथे हवा नाही, त्यामुळे नळ्या बाहेर लोंबल्या तरी चालतं. पण ज्या पिढीचा सगळा ध्यास हवेला अडवणारी प्रत्येक गोष्ट आत घेण्याचा होता, तिच्या विमानाच्या पाठीवर रणगाड्याचे तुकडे चिकटवणं मला चुकीचं वाटतं. तपशील हवेत ते दारं, पायऱ्या, कडा आणि रिव्हेट यांत.

कारण नजरेला माप कळतं ते ओळखीच्या वस्तूंवरून. १८० सेंटीमीटर उंचीचं दार १:१६ मध्ये सव्वाअकरा सेंटीमीटर होतं. ते एक दार, शेजारी हाताला धरायचा दांडा आणि दाराखाली बुटांनी घासलेला रंग, एवढ्यानं शंभर नळ्यांपेक्षा जास्त काम होतं. कडांची जाडी हा दुसरा चुगलखोर. विमानाचा पत्रा खरा एक मिलिमीटरचा असेल, तर आपल्या मापात तो मिलिमीटरचा सोळावा भाग. खिडकीच्या कडेला तुमचं एक मिलिमीटरचं प्लास्टिक उघडं दिसलं की प्रेक्षकाच्या डोळ्याला ती सोळा मिलिमीटरची चिलखती भिंत वाटते. म्हणून जिथे जिथे कड दिसते तिथे आतून कानस मारून ती ब्लेडसारखी पातळ करायची. पंखाची मागची कड तर खासच.

रिव्हेट कसे घालायचे? पाच मिलिमीटरचा खरा रिव्हेट आपल्याकडे ०.३ मिलिमीटरचा. शिवणकामातली दात्यांची चक्री पट्टीला लावून फिरवली की ठिपक्यांची सरळ ओळ मिळते. उठावदार रिव्हेट हवे असतील तर बारीक सुईच्या सिरिंजनं पांढऱ्या डिंकाचे थेंब. कुठले घ्यायचे हे काळ ठरवतो. १९२९ सालच्या विमानाला उठलेल्या डोक्याचे रिव्हेट शोभतात. १९३५ चं हावर्ड ह्यूज यांचं एच-१ बघा, त्यात ते पत्र्याच्या पातळीत बसवलेले होते, कारण वेगासाठी तेवढासा उठावही नको होता. पत्र्याचे सांधेही मनाला येतील तसे कोरायचे नाहीत. पत्रा कारखान्यातून ठरावीक रुंदीचा येतो, त्यामुळे सांधे ठरावीक अंतरावरच पडतात.

रंगाबद्दल एकच सांगतो: आरशासारखी चकाकी टाळा. उघड्या पत्र्याचं विमान दाखवायचं असेल तर चकचकीत काळ्यावर धातूच्या कणांचा पातळ रंग फवारतात, पण प्रत्येक पत्र्याची छटा किंचित वेगळी ठेवतात आणि वरून सगळ्याला थोडा धुरकटपणा देतात. मोठी वस्तू आपण नेहमी लांबून बघतो, आणि मधली हवा तिचा काळा रंग राखाडी करते. तीन मीटरवरच्या मॉडेलपुढे तेवढी हवा नसते, म्हणून ती रंगात मिसळावी लागते. इंजिनांमागे काजळीचे आणि तेलाचे ओघळ वाऱ्याच्या दिशेनंच मागे गेले पाहिजेत. ओघळ खाली घसरले म्हणजे विमान कधी उडालंच नाही.

सूर्य, तारा आणि कॅमेरा

सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेडासाठी चौथा हिस्सा वेळ, म्हणून उजेड चौपट हवा. शिवाय छोट्या वस्तूच्या जवळ कॅमेरा नेला की नाक स्पष्ट आणि शेपटी पुसट होते. खरं ४० मीटरचं विमान लांबून बघताना असं होत नसतं. सगळं स्पष्ट ठेवायला भिंगाचं छिद्र एफ ४ वरून एफ १६ पर्यंत लहान करायचं (आकडा मोठा तसं छिद्र लहान), म्हणजे आणखी सोळापट उजेड. चार गुणिले सोळा, चौसष्टपट. पूर्वी एवढे दिवे लावले की मॉडेलच मऊ पडण्याची भीती असायची, कारण स्टायरीन शंभर अंशांच्या आसपास नरम होतं. आता एलईडी आहेत, पण त्यांचा मंदक (डिमर) लुकलुक करून उजेड कमी करत असेल तर ९६ फ्रेमला ती लुकलुक सरळ चित्रात उतरते. मॉडेलमधल्या खिडक्यांच्या दिव्यांनाही हेच लागू, त्यांना सरळ डीसी पुरवठा द्यावा.

चौसष्टपट उजेड फुकट देणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे ऊन. अमेरिकेतल्या रिपब्लिक स्टुडिओतले हावर्ड आणि थिओडोर लायडेकर हे भाऊ मोठ्या मापाची मॉडेलं बांधून ती उघड्यावर, खऱ्या आकाशासमोर चित्रित करत. १९३७ च्या 'डिक ट्रेसी' या मालिकापटासाठी (हप्त्याहप्त्यानं दाखवायचा सिनेमा) त्यांनी खलनायकाचं शेपूट नसलेलं, नुसत्या पंखाचं विमान उडवलं. जॅक नॉर्थ्रप यांचं तशा धाटणीचं एन-१एम खरोखर उडालं १९४० मध्ये. पुढच्याच वर्षी ते मॉडेल आणखी एका मालिकापटात आलं. आज ते तुकडे बघताना जाणवतं की त्या विमानाला वजन आहे, आणि त्यातला मोठा वाटा उन्हाचा आहे: एकच उगम, धारदार सावली, मागे खरे ढग. लायडेकरांची तारेची पद्धतही वेगळी होती. विमान वरून लोंबकळत ठेवण्याऐवजी ताणलेल्या तारा विमानातून आरपार ओवून ते त्यांच्यावरून सरकवत. त्यामुळे ते झोक्यासारखं हेलकावत नसे, आणि हेलकावा हा वजनाचा पहिला शत्रू.

तार लपवायची आणखी एक जुनी युक्ती म्हणजे विमान उलटं टांगायचं आणि कॅमेराही उलटा लावायचा. पडद्यावर तारा विमानाच्या खाली जातात, आणि प्रेक्षक तार शोधतो ती नेहमी वर. आपल्या मुंबईतही या विद्येचे उस्ताद होते. बाबूभाई मिस्त्री यांनी १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'मध्ये काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्यानं वस्तू अधांतरी हलवल्या आणि सिनेमावाल्यांत त्यांचं नावच 'काला धागा' पडलं.

कधी विमान हलवायचंच नाही, आकाश हलवायचं. 'थंडरबर्ड्स'मध्ये रंगवलेलं आकाश पट्ट्यावर फिरायचं आणि यंत्र जागच्या जागी थरथरायचं. १९७७ च्या सुमारास संगणकानं चालणारे कॅमेरे आले. त्यांत विमान स्थिर आणि कॅमेरा रुळावरून अगदी हळू, पण प्रत्येक वेळी हुबेहूब त्याच वाटेनं सरकतो. एका फ्रेमला एक सेकंद दिला तरी चालतं, म्हणून उजेडाचा प्रश्नच सुटतो. पडणं, आपटणं, धूर असलं काही असेल मात्र जुनी वेगाची पद्धतच लागते.

आणि कॅमेऱ्याची उंची. विमानतळावर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दीड-पावणेदोन मीटरवर असतात. १:१६ मध्ये ते दहा सेंटीमीटर. भिंगाचा मध्य त्याच्या वर गेला की बघणारा माणूस राक्षस होतो आणि विमान त्याच्या टेबलावर येतं. उंच दृश्य हवं असेल तर हेलिकॉप्टर किंवा डोंगर यांपैकी काहीतरी मनात धरून तेवढंच उंच जायचं.

चित्रीकरणाआधी मी शेवटची एक चाचणी करतो. विमान त्याच्या दांड्यावर बसवायचं, पंखाचं टोक बोटानं दोन सेंटीमीटर खाली दाबायचं आणि सोडायचं. फोनवर स्लो-मोशन लावून ते चित्रित करायचं आणि टोक सेकंदाला किती वेळा वरखाली होतं ते मोजायचं. एवढ्या मोठ्या खऱ्या विमानाचा पंख सेकंदाला एक-दोनदा, फार तर तीनदा हलतो. आपण चारपट संथ करणार, म्हणजे मॉडेलचं टोक चार ते बारा वेळा हललेलं चालेल. पंचवीस आले तर पडद्यावर ते सेकंदाला सहादा थरथरेल, आणि आराखड्यापासून रंगापर्यंतची सगळी मेहनत त्या थरथरीत जाईल. मग पंखाच्या टोकाची छोटी झाकणं उघडायची, गळाला लावतात तसल्या शिशाच्या गोळ्या आत दोन्हीकडे मोजून सारख्या भरायच्या, झाकण लावायचं, टोक पुन्हा दाबायचं आणि पुन्हा मोजायचं.